वहिनी, निळे घेऊया की! किट कारचे कूलंट पाइप: सिलिकॉन की रबर

निकाल आधी सांगते, वाद नंतर घालू. रस्त्यावर चालवायची किट कार, म्हणजे सुटे भाग आणून घरी जोडलेली गाडी, असेल तर कूलंटचे, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याचे, पाइप रबराचे घ्या, चांगल्या कंपनीचे, ईपीडीएम या उष्णता सोसणाऱ्या रबराचे. सिलिकॉन तेवढ्या एका जागी लावा, जिथं पाइप एक्झॉस्टला खेटून जातो. वाचलेले पैसे क्लिपांवर घाला. आमच्या गाडीवर दोन्ही प्रकार लागले, त्यातले काही उतरवले, काही अजून आहेत. दुकानदारांपैकी कोणी माझा मावसभाऊ लागत नाही, त्यामुळे मोकळेपणानं लिहिते.

मी मूळची कोल्हापूरची. नोकरीची पहिली वर्षं भोसरीच्या एमआयडीसीत रबराच्या कारखान्यात क्वालिटीला काढली, आता इंग्लंडात लफबरोला असते. माझे धाकटे दीर लेस्टरला असतात आणि गाडी हे त्यांचं वेड. नवऱ्याला यात काडीचा रस नाही, तो चहा करून देतो. तर भाऊजींनी ‘सेव्हन’च्या धर्तीची एक चेसिस आणली आणि इंजिनासाठी २००१ सालची एक गंजलेली माझदा एमएक्स-५ विकत घेतली, १.८ लिटरची. गंज बॉडीला, इंजिन ठणठणीत.

ज्यांना ‘सेव्हन’ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. कॉलिन चॅपमनच्या लोटस कंपनीनं १९५७ साली ही उघडी, हलकी दोन सीटांची गाडी काढली. तयार गाडीवर तेव्हा इथं खरेदी कर होता, सुट्या भागांत घेतली तर तो वाचायचा. अट अशी की सोबत जोडणीची माहितीपत्रिका द्यायची नाही. मग कंपनीनं गाडी ‘खोलायची’ कशी याची पत्रिका दिली. गिऱ्हाइकानं ती उलटीकडून वाचायची! हा डोक्याचा वापर बघून मला आमच्या उद्यमनगरातली माणसं आठवतात. पुढं १९७३ मध्ये सेव्हनचे हक्क केटरहॅमकडे गेले, आणि त्याच घाटाच्या गाड्या काढणारे इतर कारखानेही इंग्लंडात उभे राहिले. लोक अजूनही गॅरेजमध्ये, थंडीत कुडकुडत त्या जोडतात.

आता मुद्दा असा की मूळ माझदाचे पाइप अशा गाडीला बसत नाहीत. रेडिएटर वेगळा, तो नाकात आणि खाली बसवलेला, इंजिन मागं सरकलेलं, हेटर बहुतेक जण काढूनच टाकतात. त्यामुळं प्रत्येकाला आपापले पाइप जुळवावे लागतात, आणि तिथं हा सिलिकॉन-रबराचा प्रश्न उभा राहतो.

भाऊजींचं उत्तर तयार होतं. स्टोनलेच्या किट कार शोमध्ये त्यांनी बॉनेट उघडी टाकलेल्या गाड्यांची रांग बघितली होती आणि एकूण एक गाडीत निळे नाहीतर लाल पाइप चमकत होते.

“वहिनी, निळे घेऊया की! बॉनेट उघडलं की शान दिसते.”

“भाऊजी, बॉनेट उघडं टाकून गाडी चालवणार आहात का तुम्ही?”

“तसं नव्हे ओ. सिलिकॉन दोनशे डिग्रीला टिकतं म्हणतात. रबर कुठं टिकतंय?”

हा दोनशे डिग्रीचा मुद्दा सगळीकडे ऐकू येतो, म्हणून जरा हिशोब मांडते. सिलिकॉन साधारण १८० अंश सेल्सिअस बिनतक्रार झेलतं, हे खरं. चांगलं ईपीडीएम १२५ पर्यंत सहज, आणि पेरॉक्साइडनं पकवलेलं असेल तर त्याच्याही वर. पण पाइपाच्या आत किती असतं? या इंजिनाचा थर्मोस्टॅट, म्हणजे कूलंटला रेडिएटरकडे वाट देणारी झडप, ८८ अंशांच्या आसपास उघडतो, शंभराच्या अलीकडेपलीकडे पंखा सुरू होतो. निम्मं पाणी निम्मं ग्लायकॉल हे मिश्रण उघड्यावर साधारण १०७ अंशांना उकळतं आणि झाकणानं एक बारचा दाब धरला की सव्वाशेच्या पुढं. म्हणजे आतलं कूलंट १८० अंशांना पोचण्याच्या कितीतरी आधी त्याची वाफ होऊन झाकणातून बाहेर पडलेली असेल आणि तुमच्या इंजिनाचं हेड (वरचा भाग) वाकलेलं असेल. त्या वेळी पाइप शाबूत राहिला म्हणून कोणाचं भलं होणार?

सिलिकॉनची उष्णता सोसण्याची ताकद खरी उपयोगाला येते ती बाहेरच्या उष्णतेसाठी. त्याकडं येतेच.

तरीही निळे पाइप आले. गाडी त्यांची, पैसे त्यांचे. इंटरनेटवरच्या एका विक्रेत्याकडून ‘युनिव्हर्सल किट’ मागवलं: ९० आणि ४५ अंशांत वळलेले काही एल्बो, सरळ तुकडे, ३२ वरून ३८ मिलिमीटरवर जाणारे रेड्यूसर, जोडायला अॅल्युमिनियमच्या आखूड नळ्या आणि एका पिशवीत क्लिपा. जाहिरातीत चार प्लाय लिहिलं होतं. एल्बोचा एक तुकडा कापून कडेवर मी भिंग धरलं, तर कापडाचे थर तीनच, आणि एका बाजूला भिंत साडेचार मिलिमीटर तर समोरच्या बाजूला साडेतीनही भरेना. मँड्रेलवर, म्हणजे पाइपाला आकार देणाऱ्या दांड्यावर, कापड सैल गुंडाळलं की असं होतं. विक्रेत्याला कळवलं, उत्तर आलं, “कामगिरीवर परिणाम होत नाही.” बरं.

हे दोन्ही पाइप बनतात कसे ते थोडं सांगायला हवं, कारण त्यातच सगळी गोम आहे. रबराच्या पाइपात आतली नळी एक्स्ट्रूडरमधून निघते, तिच्यावर मशीन पॉलिएस्टर किंवा अॅरामिडच्या दोऱ्याचं विणकाम चढवतं, वर पुन्हा रबराचा थर. त्या कच्च्या लांबलचक पाइपाचे तुकडे करून वाकड्या लोखंडी मँड्रेलवर हातानं ढकलायचे आणि ऑटोक्लेव्हमध्ये वाफेवर शिजवायचे. बाहेर आले की तो वाक कायमचा. गरम पाइप मँड्रेलवरून ओढून काढणं हे भोसरीत सगळ्यात अवघड काम समजायचे. नवा मुलगा पहिल्या आठवड्यात हातमोजे घालूनही फोड घेऊन यायचा. या पद्धतीत प्रत्येक आकाराला वेगळे मँड्रेल लागतात, तेही ढिगानं. म्हणून हजारो नग खपणार असतील तरच ते परवडतं.

सिलिकॉनचा पाइप बहुतेक ठिकाणी हातानं घडतो. सिलिकॉन चोपडलेलं कापड मँड्रेलभोवती थरावर थर गुंडाळायचं, वरून पट्टी घट्ट आवळायची आणि भाजायचं. त्या पट्टीचे बारीक वळ पाइपाच्या अंगावर शेवटपर्यंत दिसतात. दहा नग हवेत तर दहा करता येतात. किट कारवाल्यांत आणि रेसिंगमध्ये सिलिकॉन पसरलं त्याचं एक मोठं कारण हे आहे: थोडक्या संख्येत पाहिजे तो आकार मिळतो. सॅमकोसारखी नाव असलेली कंपनी हे काम उत्तम करते, त्यांचा पाइप हातात घेतला की भिंत सगळीकडे सारखी लागते. पण हातानं केलेल्या वस्तूचा दर्जा हातावर अवलंबून. आणि स्वस्त किटमध्ये तो हात कोणाचा, हे कळायला मार्ग नसतो.

बसवायला मात्र सिलिकॉन छान, हे कबूल केलंच पाहिजे. मऊ असतं, आतून जरा पाणी लावलं की सरकन बसतं, कोन थोडा चुकला तर सांभाळून घेतं. कापायलाही सोपं, पाइपावर एक क्लिप आवळायची आणि तिच्या कडेनं धारदार ब्लेड फिरवायचं, काठ सरळ येतो. रबराशी थोडी झटापट होते. साबणाचं पाणी लावा, पण तेल किंवा ग्रीस चुकूनही नको, ईपीडीएम तेलानं फुगतं.

पहिली कटकट खालच्या पाइपाची झाली. हा रेडिएटरकडून पंपाकडे जाणारा, म्हणजे ओढीच्या बाजूचा. गाडी स्टँडवर, इंजिन गरम, भाऊजींनी अॅक्सिलरेटर चार हजारांवर नेला आणि मी टॉर्च घेऊन खाली बघत होते. निळा पाइप मधोमध दोन्ही बाजूंनी आत ओढला गेला, आरपीएम उतरले की ‘फुप्प’ करून परत गोल. झाकण तपासलं, रेडिएटर नवाच होता, पाणी भरपूर. पाइपाची भिंत कमजोर, एवढंच. इंजिनाला पाणी जास्त लागतं नेमकी तेव्हाच वाट अरुंद होणार. आत स्टीलची स्प्रिंग घालून यावर उपाय करतात, पण जाड विणकामाचा रबरी पाइप असेल तर त्याची गरजच पडत नाही. तो पाइप त्याच दिवशी निघाला.

दुसरी गोष्ट हिवाळ्यात दिसली. पहाटे गवतावर पांढरं पडलेलं, गॅरेजच्या फरशीवर गुलाबी थेंब. इंजिन सुरू करून गरम झालं की गळती बंद. संध्याकाळी कोरडं, सकाळी परत थेंब. क्लिपेच्या कडेला वाळलेल्या कूलंटची खरवड साचलेली, बोटाला चिकट. सिलिकॉन तापलं की रबरापेक्षा जास्त फुगतं, घट्ट क्लिपेखाली दबून बसतं, आणि गार झालं की आक्रसतं. क्लिप मात्र आहे तिथंच. मध्ये केसाएवढी फट पडते, तेवढी पुरते. भाऊजी प्रत्येक वेळी स्क्रू ड्रायव्हर घेऊन अजून अर्धा फेरा आवळायचे. एका जागी पट्टीच्या खाचांमधून निळं सिलिकॉन वर आलं होतं, आणि क्लिप काढून बघितलं तर पाइपावर शिडीसारख्या कापल्याच्या रेघा. सिलिकॉनला एकदा चीर पडली की ती पुढं सरकते. हा त्याचा स्वभावच आहे, चांगल्यातल्या चांगल्या कंपनीचंही फाटण्याच्या बाबतीत रबराइतकं चिवट नसतं. सेव्हनमध्ये पाइप चेसिसच्या नळ्यांना, स्टिअरिंग रॅकच्या ब्रॅकेटला घासत जातात, तिथं हे ध्यानात ठेवावं.

तिसरी गंमत अशी की कुठंही गळत नसताना टाकीतली पातळी हळूहळू उतरते. सिलिकॉनमधून पाण्याची वाफ आरपार जाते, माठातून पाणी झिरपतं तशी. ग्लायकॉल मागं राहतो, पाणी जातं. त्यामुळं भर घालताना तयार कूलंट ओतत राहू नका, डिमिनरलाइज्ड पाणी घाला, नाहीतर मिश्रण दाट होत जाईल. लांब पाइप आणि पातळ भिंत असेल तर हे जास्त जाणवतं. ज्यांना माहीत नसतं ते हेड गॅस्केट गेलं समजून रात्री झोपत नाहीत.

आता रबराकडे. इथल्या गावोगावी स्पेअर पार्टची दुकानं असतात, मोटर फॅक्टर म्हणतात त्यांना, अगदी आपल्या पुण्याच्या नाना पेठेतल्यासारखी, फक्त शांत. जुन्या वळणाच्या दुकानात मागच्या भिंतीवर खिळ्यांना वाकडेतिकडे पाइप टांगलेले असतात. फोर्ड, वॉक्सहॉल, रोव्हर, कुठल्या कुठल्या गाड्यांचे. किट कार जोडणारी जुनी माणसं काय करतात, तर लोखंडी तारेला आपल्याला हवा तो वाक देतात, ती तार घेऊन दुकानात जातात आणि भिंतीवर जुळवत बसतात. आम्हीही तेच केलं. काउंटरवरचे गृहस्थ वयानं बरेच होते, माझ्या हातातली तार बघून त्यांनी एक प्रश्न विचारला, “आतला व्यास?” मी म्हटलं बत्तीस. ते आत गेले आणि कुठल्याशा डिझेल व्हॅनचा पाइप घेऊन आले. एका टोकाचे चार बोटं कापले आणि बसला की! गेट्स कंपनीचा होता, किंमत एका निळ्या एल्बोपेक्षा कमी. तो अजून गाडीवर आहे आणि त्या जागी पुन्हा हात लावावा लागलेला नाही.

याला वेळ लागतो, हे मात्र आहे. सिलिकॉनचा एल्बो घरबसल्या मागवता येतो. रबराचा योग्य वाक शोधायला दुकानं पालथी घालावी लागतात, आणि आता अशी भिंत राखणारी दुकानंही कमी होत चाललीत. नव्या पोरांना गाडीचा नंबर टाकल्याशिवाय कॉम्प्युटर काही सांगत नाही आणि किट कारचा नंबर त्याला सांगून उपयोग नसतो.

रबराचा खरा शत्रू आतून येतो आणि त्याची चर्चा फार कमी होते. इंजिन आणि रेडिएटर यांच्यात विजेचा बारीकसा दाबफरक असला तर कूलंटमधून करंट वाहतो आणि ईपीडीएमला आतल्या बाजूनं, टोकांजवळ, बारीक उभ्या चिरा पडतात. वरून पाइप नवाकोरा दिसतो. टोकापासून दोन बोटं आत अंगठ्यानं दाबून बघा आणि मग मधल्या भागात दाबून बघा; टोकाकडे जास्त मऊ लागला, आत खाचा जाणवल्या, तर बदला. किट कारमध्ये हा धोका जास्त, कारण बॉडी फायबरची, रेडिएटर रबरी बुशांवर तरंगता, आणि अर्थिंग ज्याच्या त्याच्या मर्जीनं केलेलं. मल्टिमीटरची एक तार बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरी रेडिएटरमधल्या कूलंटमध्ये बुडवून बघायची, धातूला न टेकवता. ०.३ व्होल्टच्या आत असावं, त्याहून कमी असेल तर उत्तमच. पंखा आणि दिवे लावून परत बघा. आमच्याकडं पंखा सुरू केला की काटा उडी मारायचा. इंजिनापासून चेसिसला एक जाड अर्थ केबल ओढली आणि प्रश्न मिटला. सिलिकॉनला हा रोग होत नाही, तेवढा गुण त्याच्या पदरात टाकते. पण अर्थिंग नीट करणं हा पाइप बदलण्यापेक्षा स्वस्त उपाय आहे, आणि त्यानं अॅल्युमिनियमचा रेडिएटरही वाचतो.

क्लिपा! सगळ्यात कमी पैसे लोक इथं घालतात आणि सगळ्यात जास्त गळती इथंच होते.

स्क्रूनं आवळायची जी नेहमीची क्लिप, तिला आपल्याकडंही जुबिली क्लिप म्हणतात. ती १९२१ मध्ये लम्ली रॉबिन्सन नावाच्या नौदलातल्या एका कमांडरनं काढली, केंटमधल्या गिलिंगहॅमला. ओरिजिनल जुबिलीच्या पट्टीला आरपार भोकं नसतात, आटे नुसते दाबून उठवलेले असतात, आतली बाजू गुळगुळीत. रबरावर ती चांगली काम करते. किटबरोबर पिशवीत येते ती आरपार खाचांची, धारदार कडांची, आणि सिलिकॉनला ती कापतेच. सिलिकॉन लावणारच असाल तर आतून अस्तर असलेली क्लिप घ्या. त्याहून उत्तम म्हणजे स्प्रिंग वॉशरांची चळत असलेली कॉन्स्टंट टेन्शन क्लिप; पाइप आक्रसला की ती आपोआप आवळते, फुगला की सैल सोडते. महाग आहे, एकेक क्लिप चार-पाच पौंडांच्या घरात जाते. पण त्या लावल्यानंतर गॅरेजमधले थेंब थांबले.

आणि एक सांगू? कंपनीच्या गाड्यांना जी पक्कडीनं दाबायची साधी स्प्रिंगची क्लिप येते ना, जी आपण पहिल्या सर्व्हिसिंगला काढून फेकतो आणि ‘चांगली’ स्क्रूची लावतो, ती क्लिप मूर्खांनी निवडलेली नाही. ती वर्षानुवर्षं सारखाच दाब ठेवते आणि कोणाला जास्त आवळायची सोय ठेवत नाही. आमच्या माझदाच्या जुन्या पाइपांवरच्या स्प्रिंग क्लिपा मी पुसून, तपासून नव्या रबरावर परत लावल्या. भाऊजींना ते कंजूषपणाचं वाटलं.

अॅल्युमिनियमच्या जोडनळीला टोकाशी उठाव असतो का, ते बघून घ्या. किटमधल्या नळ्या नुसत्या सरळ कापलेल्या होत्या. गुळगुळीत नळीवर मऊ सिलिकॉन आणि आत एक बारचा दाब, म्हणजे पाइप निसटायला किती वेळ? आम्ही वेल्डिंगवाल्याकडून टोकाला बारीक मणी ओढून घेतला आणि कानस मारून गोल केला. ज्यांच्याकडं ही सोय नाही त्यांनी आधीच उठाव काढलेल्या नळ्या घ्याव्यात, मिळतात.

आता जिथं सिलिकॉन जिंकलं ती जागा. हे माझदाचं १.८ इंजिन मुळात आडवं बसवायच्या गाड्यांच्या घराण्यातलं. एमएक्स-५ मध्ये ते उभं बसवताना कूलंट बाहेर पडायची जागा पुढं आणली, पंपही पुढंच. त्यामुळं पाणी पुढून आत, पुढूनच बाहेर, आणि सगळ्यात मागचा चौथा सिलिंडर जास्त तापतो. जोरात चालवणारे लोक म्हणून थर्मोस्टॅट हेडच्या मागच्या बाजूला नेतात. आम्हीही नेला. मग मागून रेडिएटरपर्यंत लांब पाइप यावा लागतो, आणि सेव्हनच्या चिंचोळ्या बॉनेटखाली आमचा पाइप एका ठिकाणी एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या दोन बोटांवरून जातो. तिथं थांबून राहिलेल्या गाडीत, लाल सिग्नलला, वारा नसताना, बाहेरून काय भट्टी लागत असेल! रबर तिथं काही उन्हाळ्यांत कडक होऊन तडकलं असतं. बराचसा रस्ता स्टेनलेसच्या नळीनं कापला आणि वळणाचा तुकडा सिलिकॉनचा घातला, यावेळी नामांकित कंपनीचा, खऱ्या चार प्लायचा, वर उष्णता परतवणारी चंदेरी बाही. निळाच आहे. भाऊजी येणाऱ्या-जाणाऱ्याला तो दाखवतात.

‘फ्लेक्सी’ म्हणून मिळणारा, घड्या घड्यांचा वाकेल तसा वाकणारा रबरी पाइप: वाटेत गाडी बंद पडली तर घरी पोचायला ठीक. कायमचा लावू नका. घड्यांत प्रवाह अडतो, आणि तडा जातो तोही घडीतच.

गाडी रस्त्यावर आणण्याआधी इथं आयव्हीए नावाची सरकारी तपासणी असते, २००९ पासून. तपासनीस बाहेर आलेल्या धारदार कडा, सीट बेल्टचे बोल्ट, आवाज असं बारकाईनं बघतात, पाइपाच्या रंगाशी किंवा जातीशी त्यांना देणंघेणं नाही. ब्रेकची नळी हलते का, स्टिअरिंगला काही घासतं का, ते बघतील; त्यामुळं कूलंटचा पाइप स्टिअरिंगच्या दांड्यापासून दूर बांधलेला असू द्या. बस.

कूलंटबद्दल एक. गुलाबी-नारिंगी रंगाचे जे ओएटी (सेंद्रिय आम्लांवर आधारलेले) प्रकार येतात त्यांतल्या काहींमध्ये २-इथिलहेक्झानोइक अॅसिड असतं आणि ते सिलिकॉनला मानवत नाही. सिलिकॉनचे पाइप असतील तर डब्याच्या मागचं बारीक अक्षर वाचा, ‘२-ईएचए नाही’ असं लिहिलेलं घ्या.

खर्चाचं म्हणाल तर, निळ्या किटला दीडशे पौंडांच्या आसपास पडले आणि त्यातला बहुतेक माल आता डब्यात आहे. रबरी पाइप सगळे मिळून साठच्या आत, नामांकित सिलिकॉनचा तो एक तुकडा वीस-बावीस, क्लिपांना जवळपास पाइपांएवढेच. क्लिपांच्या बिलावर घरात चर्चा झाली.

महाराष्ट्रात बसून हे वाचणाऱ्यांपैकी किट कार फारच थोड्यांकडे असेल, आपल्याकडं अशी घरी जोडलेली गाडी पासिंग करून घेणं म्हणजे दिव्यच. पण थार नाहीतर बोलेरोवाले मला विचारतात, डिझेलला सिलिकॉन लावू का? टर्बोपासून इंटरकूलरपर्यंतच्या हवेच्या पाइपाला खुशाल लावा. दाबलेली हवा तिथं दीडशे अंशांपर्यंत जाऊ शकते, ती जागा सिलिकॉनचीच. फक्त टर्बोमधून तेलाची वाफ येते, तेव्हा आतून फ्लुरोसिलिकॉनचं अस्तर असलेला मागा. साधं सिलिकॉन तेलानं भिजून भुसभुशीत होतं. रेडिएटरला मात्र कंपनीचाच काळा पाइप बरा. दुकानदार लाल-निळा पुढं करेल. त्याला त्यावर जास्त सुटतात.

रबर असो की सिलिकॉन, नवीन पाइप लावल्यावर इंजिन दोन-चार वेळा पूर्ण गरम होऊन पूर्ण गार झालं की स्क्रूच्या क्लिपा एकदा हलक्या हातानं बघून घ्या, गार असतानाच. आणि रेडिएटर इंजिनापेक्षा खाली असल्यानं हवा अडकते. भरताना गाडीचं नाक जॅकवर उचला, एक्स्पान्शन टाकी सगळ्यात उंच राहील असं बघा, वरचा पाइप हातानं दाबत राहा. बुडबुडे थांबले की झाकण लावा.